नव्वद किलोमीटर पळणाऱ्याचं हृदय

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे ४७ वर्षांचे, कोल्हापूरकडचे, कारखान्यात अभियंता, नऊ वर्षांपासून पळणारे. सुरुवात साताऱ्याच्या घाटातल्या हाफ मॅरेथॉनपासून, मग मुंबईची फुल, आणि आता बारा तासांच्या स्टेडियम रनमध्ये ८६ किलोमीटर. दुसऱ्या दिवशी सकाळी छातीत जड वाटलं म्हणून जवळच्या हॉस्पिटलात गेले. अटॅक ओळखायला तपासतात ते ट्रोपोनिन नॉर्मलच्या चौपट, ईसीजीत नाडी ४४, टू-डी इकोत 'डावा कप्पा किंचित मोठा'. दोन दिवस आयसीयू. ट्रोपोनिन उतरलं, पंपिंग चांगलं निघालं, घरी सोडलं. डिस्चार्जच्या कागदावर 'अतिश्रम टाळावेत'. वडिलांना ५४ व्या वर्षी अटॅक आला होता. पुढच्या जूनमध्ये दक्षिण आफ्रिकेत कॉम्रेड्स ही नव्वदेक किलोमीटरची शर्यत पळायची आहे. मिसेस म्हणतात, पुरे झालं. रनिंग ग्रुपवाले म्हणतात, डॉक्टर लोक स्वतः पळत नाहीत, त्यांना काय कळणार. "एवढं पळून हृदय खरंच खराब होतं का? आणि मी ऐकू कोणाचं?"

मी तीसेक वर्षं हृदयरोगाची प्रॅक्टिस करतोय आणि त्यातली निम्मी वर्षं स्वतः पळतोय. हाफच्या पुढे गेलेलो नाही, जायची हौसही नाही. स्पर्धांच्या मेडिकल तंबूत मात्र बरेच रविवार काढलेत. सरळ उत्तर द्यायचं तर, पळण्याने धडधाकट हृदय सहसा खराब होत नाही. पण हृदयात आधीच काही बिघाड असेल तर तो पळण्याने दुरुस्तही होत नाही. बऱ्याचदा झाकला जातो. मला तुमच्या ८६ किलोमीटरची काळजी नाही. तुमच्या वडिलांच्या ५४ ची आहे.

आता फाइलीतल्या ज्या तीन गोष्टींनी तुमची झोप उडवली त्या बघू.

नाडी ४४ हे काहीच नाही. वर्षानुवर्षं पळणाऱ्याच्या हृदयावर शांत करणाऱ्या मज्जातंतूचा अंमल जास्त असतो आणि एका ठोक्यात जास्त रक्त जातं, मग ठोके कमी लागतात. आमच्या वॉर्डात हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आलेल्या एका रनरकाकांची नाडी रात्री दोन वाजता ३६ वर गेली आणि मॉनिटर बोंबलायला लागला. सिस्टर धावत गेल्या, काकांना हलवून विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?" काका म्हणाले, "तुम्ही उठवेपर्यंत वाटत होतं." कमी नाडीबरोबर भोवळ येत असेल, जिना चढताना नाडी वाढतच नसेल, तर गोष्ट वेगळी. तुमचं तसं काही नाही.

कप्पा मोठा असण्याची भानगड जुनी आहे. १८९९ मध्ये स्वीडनच्या हेन्शेन नावाच्या डॉक्टरांनी स्कीच्या लांब शर्यती करणाऱ्यांची छाती बोटांनी ठोकून पाहिली. एक्स-रे नुकताच निघाला होता. फणस पिकलाय का हे जसं ठोकून बघतात, तसं आवाजावरून हृदयाची कड कुठवर आली हे ठरवायचे. त्यांच्या लक्षात आलं की या लोकांची हृदयं मोठी आहेत, आणि जिंकणाऱ्यांची तर जास्तच. पुढची अनेक दशकं या मोठ्या हृदयाला रोग समजणारे आणि न समजणारे असे डॉक्टरांत दोन तट होते. अमेरिकेचा क्लॅरेन्स डीमार हा त्या काळातला गाजलेला धावपटू. हृदयात मर्मर, म्हणजे ठोक्यांखेरीज जादा आवाज, ऐकू येते म्हणून डॉक्टरांनी त्याला पळू नकोस म्हणून बजावलं होतं. त्याने १९११ मध्ये बोस्टन मॅरेथॉन जिंकली, आणि मग आणखी सहा वेळा, शेवटची १९३० मध्ये, वयाच्या ४१ व्या वर्षी. १९५८ मध्ये ७० व्या वर्षी तो गेला, तो कॅन्सरने. शवविच्छेदनात त्याच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या नेहमीच्या दुप्पट-तिप्पट रुंद निघाल्या. चरबीचे थर तिथेही होतेच, पण एवढ्या ऐसपैस नळीत ते कुणाच्या वाटेत आले नाहीत.

मोठं होण्यामागचा हिशेब साधा आहे. बसल्या जागी हृदय मिनिटाला पाचेक लिटर रक्त फेकतं. कसलेला धावपटू जोर लावतो तेव्हा पंचवीस लिटर आणि त्याहूनही जास्त. ठोके किती वाढवणार, त्याला मर्यादा. मग प्रत्येक ठोक्यात जास्त रक्त मावायला हवं, म्हणून कप्पा ऐसपैस होतो आणि भिंत थोडी भरते. हे कमावलेलं मोठेपण आणि रोगाने आलेलं मोठेपण यांतला फरक इको बघणाऱ्याला सहसा कळतो. कमावलेल्या हृदयात चारही कप्पे साधारण एकाच मापाने वाढतात, आणि व्यायामाचा भार टाकला की पंपिंग आणखी वर जातं. भिंत १३ ते १५ मिलिमीटरच्या मधे अडकली की मात्र आम्हीही डोकं खाजवतो, कारण जन्मजात जाड भिंतीचा आजारही त्याच पट्ट्यात सुरू होतो. तेव्हा तीन महिने पळणं बंद करून पुन्हा मोजतात. कमावलेलं असेल तर उतरतं. तुमची भिंत १० मिलिमीटर लिहिली आहे. विषय संपला.

ट्रोपोनिनवर जरा थांबावं लागेल. हृदयाच्या स्नायूतलं हे प्रथिन; स्नायू मेला की रक्तात येतं, म्हणून अटॅक ओळखायला वापरतात. पण फुल मॅरेथॉन संपवलेल्या बहुतेकांच्या रक्तात ते वाढलेलं सापडतं, हाफवाल्यांतही बऱ्याच जणांत. तासन् तास ताण पडल्याने पेशींची पापुद्र्यासारखी भिंत जरा झिरपते आणि आतलं थोडं बाहेर येतं, असा आजचा अंदाज आहे. पेशी मरायलाच हवी असं नाही. शर्यतीनंतर काही तासांत ते वर जातं आणि एक ते तीन दिवसांत खाली येतं. अटॅकमध्ये चढही मोठा असतो आणि उतरायला आठवडा-दीड आठवडा लागतो. तुमचं दोन दिवसांत उतरलं. हे पळण्याला साजेसं आहे.

मग हॉस्पिटलने उगाच ठेवून घेतलं का? अजिबात नाही. ४७ वर्षांचा पुरुष, वडिलांचा इतिहास, छातीत जड आणि ट्रोपोनिन चौपट, हे चित्र घेऊन तुम्ही माझ्याकडे आला असतात तर मीही भरती करून घेतलं असतं, आणि तुम्ही कितीही मेडलं दाखवली असती तरी. ग्रुपवाल्यांना हे सांगा. "रनरचं ट्रोपोनिन वाढतंच" हे वाक्य खरं आहे, आणि त्याच वाक्याच्या भरवशावर घरी बसून राहिलेला अटॅक मी पाहिलेला आहे.

शिवाय हे वाढणं अगदीच निरर्थक आहे असंही म्हणवत नाही. नेदरलँड्समधल्या नायमेगेनला दरवर्षी चार दिवसांची मोठी पदयात्रा असते. तिथे दिवसाला ३० ते ५५ किलोमीटर चालणाऱ्या ७२५ जणांचं ट्रोपोनिन मोजून पुढची साडेतीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं गेलं. चालून झाल्यावर ज्यांचं ट्रोपोनिन मर्यादेच्या वर गेलं असे सुमारे ९ टक्के होते. त्यांच्यातल्या २७ टक्क्यांना मृत्यू किंवा हृदय-रक्तवाहिन्यांचं मोठं दुखणं गाठून गेलं. बाकीच्यांत हे प्रमाण ७ टक्के. ही माणसं बहुतेक साठीच्या आसपासची, आणि ती चालत होती, पळत नव्हती, म्हणून हा हिशेब जसाच्या तसा तुम्हाला लावता येणार नाही. पण आकडा फाइलीत ठेवा, फेकू नका. आणि 'छातीत जड का वाटलं' या प्रश्नाचं उत्तर तुमच्या डिस्चार्ज कार्डावर कुठेही नाही, हेही लक्षात घ्या. त्याकडे परत येतो.

आता अतिलांब पळण्याबद्दल. सगळे डाव्या कप्प्याबद्दल बोलतात, पण बारा-बारा तासांच्या पळण्यात खरी दमछाक उजव्याची होते. उजवा कप्पा फक्त फुप्फुसांकडे रक्त ढकलतो. एरवी तिथला दाब अगदी कमी, म्हणून त्याची भिंत पातळ. पळताना फुप्फुसांतला दाब विश्रांतीच्या मानाने पुष्कळ वाढतो आणि तो तासन् तास तसाच राहतो. हमालाला पोतं आणि कारकुनालाही तेवढंच पोतं दिलं तर आधी कोण बसेल? २०१२ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि बेल्जियमच्या डॉक्टरांनी मॅरेथॉनपासून अतिलांब ट्रायथलॉनपर्यंतच्या शर्यती करणाऱ्या ४० कसलेल्या खेळाडूंची तपासणी केली. शर्यत संपताच उजव्या कप्प्याचं काम मंदावलेलं होतं, डाव्याचं जवळपास जैसे थे. शर्यत जितकी लांब तितकं मंदावणं जास्त. आठवड्यात बहुतेकांचं पूर्ववत झालं. पण पाच जणांच्या एमआरआयमध्ये दोन खालच्या कप्प्यांमधल्या पडद्यात बारीक व्रणासारख्या खुणा दिसल्या, आणि हे पाचजण जास्त वर्षं शर्यती करत आलेले होते. पाच माणसांवरून सिद्धांत मांडू नये. पण मला यातून एक गोष्ट घ्यावीशी वाटते, ती म्हणजे दोन मोठ्या शर्यतींमधलं अंतर. हल्ली आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी दर महिन्याला एक अल्ट्रा, म्हणजे फुलपेक्षा लांब शर्यत, असा सपाटा लावणारे आहेत. पाय दोन आठवड्यांत बरे होतात म्हणून हृदयाच्या भिंतीलाही तेवढंच पुरतं, असं कोणी कुठे मोजलेलं नाही.

अंतर एकच आणि वेळ वेगळी असली की काय फरक पडतो, त्याचं उदाहरण आपल्या घरातच आहे. आळंदीहून पंढरपूरला पालखी जाते ते सुमारे अडीचशे किलोमीटर, अडीच-तीन आठवड्यांत. ग्रीसमध्ये अथेन्सहून स्पार्टापर्यंतची स्पार्टाथलॉन २४६ किलोमीटर, ३६ तासांत. तंगडतोड सारखीच, पण वारकरी रोज रात्री मुक्काम करतो, जेवतो, झोपतो, आणि उजवा कप्पाही झोपतो. (ती ग्रीक दंतकथा, धावत येऊन 'जिंकलो' म्हणत मेलेल्या निरोप्याची, ती मॅरेथॉनच्या लढाईनंतर काही शतकांनी लिहिलेली आहे. जुना ग्रीक इतिहासकार हेरोडोटस याने लिहिलेला निरोप्या अथेन्सहून स्पार्टाला पळत गेला, आणि त्याच्या मरणाचा तिथे उल्लेख नाही. बरं झालं.)

दुसरी खरी अडचण म्हणजे ठोक्यांचा गोंधळ, एट्रियल फिब्रिलेशन. वरचे कप्पे ताणून मोठे होतात आणि कधीतरी त्यांची लय सुटते. तालात वाजणाऱ्या ढोलपथकात एकाने काहीही बडवायला सुरुवात करावी तसं. स्वीडनमध्ये वासालोपेट नावाची ९० किलोमीटरची स्कीची शर्यत आहे, म्हणजे बघा, कॉम्रेड्सएवढीच. १९८९ ते १९९८ या काळात ती पूर्ण केलेल्या ५२,७५५ जणांच्या नोंदी तपासल्या गेल्या. एकदाच पूर्ण केलेल्यांपेक्षा पाच किंवा जास्त वेळा पूर्ण करणाऱ्यांत हा आजार साधारण ३० टक्क्यांनी जास्त निघाला, आणि सर्वात वेगवान गटातही जास्त. नंतर बायकांची वेगळी नोंद पाहिली, तर त्यांच्यात हे वाढलेलं दिसलं नाही, उलट कमीच. म्हणजे अतिरेकाची ही किंमत मुख्यतः पुरुष भरतात. त्याने माणूस सहसा दगावत नाही, पण लकव्याचा धोका असतो आणि पळण्याचा बट्ट्याबोळ होतो.

हा गोंधळ कसा समोर येतो याची एक गोष्ट. पन्नाशीचे एक रनर, हिशेबनीस, दोन वर्षांत तीन घड्याळं बदलून माझ्याकडे आले. तक्रार काय, तर सोप्या पेसला पळतानाही घड्याळ मधेच नाडी १९० दाखवतं, मग घरी आल्यावर ७० दाखवतं. पहिल्यांदा पट्टा घट्ट केला, मग कंपनीकडून घड्याळ बदलून घेतलं, मग छातीचा बेल्ट आणला. बेल्टनेही १९० दाखवल्यावर बेल्ट खराब ठरवला. मी त्यांना चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बांधायचा ईसीजी, लावून, "आज सकाळी नेहमीसारखं पळा" म्हणून सांगितलं. कागदावर वीस मिनिटांचा सणसणीत गोंधळ सापडला. सगळी घड्याळं खरं बोलत होती. आता त्यांचं ॲब्लेशन (गोंधळ घालणारी जागा नळीवाटे आतून निकामी करणं) झालंय, आठवड्याला पस्तीस किलोमीटर पळतात, आणि एक घड्याळ त्यांनी मला दाखवायला म्हणून ठेवलंय.

आता मुद्द्याचं, रक्तवाहिन्या. १९७० च्या दशकात बॅस्लर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी ठासून मांडलं होतं की जो मॅरेथॉन पूर्ण करतो त्याला करोनरीचा, म्हणजे हृदयाला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांचा, आजार होऊच शकत नाही. काही वर्षांतच शवविच्छेदनांनी ते खोटं पाडलं, पण ते वाक्य अजून आपल्या ग्रुपांमधून फिरतंय, फक्त बोलणारे बदलले. जिम फिक्सचं उदाहरण मी प्रत्येक नव्या रनरला सांगतो. या माणसाच्या पुस्तकाने अख्ख्या अमेरिकेला पळायला लावलं. स्वतः तो पस्तिशीत पळायला लागला, तोवर जाडजूड होता आणि दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढायचा. वडील ४३ व्या वर्षी हृदयविकाराने गेलेले. डॅलसचे व्यायामतज्ज्ञ डॉक्टर केनेथ कूपर यांनी त्याला ट्रेडमिलची तपासणी करून घ्या म्हटलं, त्याने करून घेतली नाही. २० जुलै १९८४ ला व्हरमाँटमध्ये रोजच्यासारखा पळायला गेला आणि रस्त्यातच गेला, वय ५२. मोठ्या रक्तवाहिन्यांत जबर अडथळे निघाले. पळणं वाईट असतं म्हणून गेला का? वडिलांपेक्षा नऊ वर्षं जास्त जगला, यात पळण्याचाच वाटा असेल असं मला वाटतं. पण ज्या दमात त्याने मैल मोजले त्या दमात एकदा ट्रेडमिल केली असती तर कदाचित आणखी वीस वर्षं पळाला असता.

भरपूर पळणाऱ्या पुरुषांच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम जास्त सापडतं, हे आता नेदरलँड्स, इंग्लंड, अमेरिका अशा बऱ्याच ठिकाणच्या अभ्यासांत दिसलंय. सुरुवातीला आम्ही समजूत घालायचो की हे थर कडक, दगडासारखे, म्हणजे फुटायला अवघड, म्हणजे चांगलेच. डॅलसच्या कूपर संस्थेतल्या सुमारे २२ हजार पुरुषांच्या नोंदींत प्रचंड व्यायाम करणाऱ्यांत कॅल्शियम थोडं जास्त होतं, पण तेवढ्याच कॅल्शियमच्या इतरांपेक्षा ते जास्त मेले नाहीत. इथवर सगळे खूश होते. मग २०२३ मध्ये बेल्जियमचा अभ्यास आला. त्यांनी जन्मभर पळणारे-सायकलवाले आणि निरोगी बेताचं हलणारे यांची सीटी अँजिओग्राफी केली. जन्मभरवाल्यांत थर जास्त होते आणि नुसते दगडीच नव्हते. मऊ, कॅल्शियम नसलेलेही होते. माझा स्वतःचा सूर त्या दिवसापासून बदलला. रनरच्या कॅल्शियमकडे मी आता हसून दुर्लक्ष करत नाही.

त्यात आपण भारतीय. अटॅक आपल्याला युरोपीयांपेक्षा पाच ते दहा वर्षं आधी गाठतो. लायपोप्रोटीन-ए नावाचा, अटॅकचा धोका वाढवणारा एक रक्तातला घटक आपल्याकडे बऱ्याच घराण्यांत वाढलेला असतो, तो जन्मतः ठरलेला, आणि कितीही पळा, तो हलत नाही. पळून साखर उतरते, बीपी उतरतं, पोट जातं. आजोबांनी दिलेलं कोलेस्टेरॉल मात्र छातीवर शर्यतीचा बिब लावून उतरत नाही.

मरणाचं भय किती धरावं? अमेरिकेत २००० ते २०१० या काळात हाफ आणि फुल मॅरेथॉन पळालेल्या १ कोटी ९ लाख लोकांचा हिशेब काढला, तेव्हा ५९ जणांचं हृदय शर्यतीत किंवा संपल्या संपल्या बंद पडलं. लाखामागे एकही पूर्ण नाही. फुलमध्ये हाफपेक्षा जास्त, पुरुषांत बायकांपेक्षा कितीतरी जास्त, आणि बरेचसे शेवटच्या टप्प्यात. ५९ पैकी ४२ गेले. नंतर २०१० ते २०२३ चा हिशेब झाला. २ कोटी ९३ लाख लोक, १७६ जणांचं हृदय थांबलं, पण मेले ५९. हृदय थांबण्याचं प्रमाण जवळपास तेच राहिलं आणि मरणाचं जवळपास निम्मं झालं, कारण बाजूच्या माणसाने लगेच छाती दाबायला घेतली आणि शॉक द्यायचं यंत्र जवळ होतं. या नव्या हिशेबात सर्वात मोठं कारण करोनरीचा आजारच. म्हणजे फिक्सचाच आजार.

'जास्त पळणारे आणि अजिबात न पळणारे सारखेच मरतात' असा एक फॉरवर्ड वहिनींनी तुम्हाला दाखवला असेल. तो २०१५ च्या कोपनहेगनच्या अभ्यासावरून आलाय. त्यातल्या जोरात पळणाऱ्या गटात मृत्यू किती होते? दोन. दोन माणसांवर जगभर मथळे झाले. उलट टूर दि फ्रान्समध्ये उतरलेल्या ७८६ फ्रेंच सायकलपटूंचं मृत्यूचं प्रमाण त्यांच्या वयाच्या फ्रेंच पुरुषांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी निघालं. मुळात ती माणसंच पोलादी, हे मान्य. तरी अतिव्यायाम आयुष्य तोडतो असं त्यातून दिसत नाही.

आता तुमचं काय करायचं ते. 'अतिश्रम टाळावेत' हा सल्ला नाही, ते सुटका करून घेणं आहे. तुम्हाला आधी करोनरीची सीटी अँजिओग्राफी हवी. नुसता कॅल्शियम स्कोअर नको, कारण तुम्हाला छातीत लक्षण होतं आणि मऊ थर स्कोअरमध्ये दिसत नाहीत. लायपोप्रोटीन-ए आयुष्यात एकदा. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल), तीन महिन्यांची साखर, आणि बीपी घरी आठवडाभर मोजून. मग ट्रेडमिल. इथे एक भांडण करावं लागेल. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी वयाच्या मानाने ८५ टक्के ठोके झाले की बटण दाबून थांबवतात आणि 'निगेटिव्ह' लिहितात. तुमचं तेवढ्यात श्वासही वाढणार नाही. तुम्ही थकून 'बस्स' म्हणेपर्यंत पट्टा चालू ठेवायला सांगा. मी एका घाटरनरला असं पळवलं, तेव्हा अकराव्या मिनिटापर्यंत कागद स्वच्छ होता आणि तेराव्याला ईसीजीतली एसटी नावाची रेघ खाली बसली, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडायला लागलं. एकच रक्तवाहिनी, ८० टक्के. त्याला घाट चढताना 'जबडा आखडतो' असं वर्षभर वाटत होतं, आणि तो दाताच्या डॉक्टरकडे दोनदा जाऊन आला होता.

सीटीत थर निघाले तर स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची गोळी, सुरू करावं लागेल, आणि मग तुम्ही म्हणाल की पाय दुखतील. काहींचे दुखतात, बहुतेकांचे नाही. गोळी बदलता येते, डोस बदलता येतो. स्टॅटिनने थर कडक होतात म्हणून कॅल्शियमचा आकडा पुढे वाढूही शकतो. तो दरवर्षी प्रगतिपुस्तकासारखा काढत बसू नका. सीटी स्वच्छ निघाली, ट्रेडमिल आणि पळतानाचा होल्टर ठीक, तर कॉम्रेड्सला जायला माझी हरकत नाही. एमआरआय मी सरसकट सांगत नाही. इकोत उजवा कप्पा डाव्याच्या मानाने फुगलेला वाटला किंवा भोवळ येत असेल तरच.

जायचं ठरलं तर थोडं ऐकून ठेवा. अंगात कणकण असताना लाँग रन नको, प्लॅनमध्ये लाल अक्षरात लिहिलेला असला तरी. व्हायरल तापात कधी कधी हृदयाच्या स्नायूलाही सूज येते, आणि त्या सुजेवर पळणं हा धडधाकट तरुणाला गमावण्याचा सोपा मार्ग आहे. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेऊन पळू नका. दुखणं झाकतं आणि मूत्रपिंडांचं नुकसान होतं. पाणी तहानेपुरतं प्या. पाण्याचं स्टेशन दिसलं की ग्लास, असं करत गेलं की रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि माणूस बरळायला लागतो. २००२ च्या बोस्टनमध्ये तपासलेल्या ४८८ जणांपैकी १३ टक्क्यांचं सोडियम असं उतरलेलं होतं.

रेषा ओलांडली की लगेच उभे राहू नका, फोटोसाठीसुद्धा. पळताना पोटऱ्या रक्त वर ढकलत असतात. थांबताच ते पायातच साठतं, बीपी पडतं आणि माणूस आडवा होतो. तंबूत येणारे बहुतेक असेच. पाय उंच करून झोपवलं की दहा मिनिटांत चहा मागतात. रेषेच्या अलीकडे, पळता पळता कोसळलेला माणूस मात्र वेगळा; तिथे आम्ही चप्पल सोडून धावतो.

आणि कॉम्रेड्सची ती बंदूक. डरबन ते पीटरमारिट्झबर्ग, किंवा उलट, ८७ ते ९० किलोमीटर, बारा तास. बारा तास भरले की धावपटूंकडे पाठ करून उभा असलेला माणूस बंदूक झाडतो, आणि एका सेकंदाने उशीर झालेल्यालाही मेडल मिळत नाही. १९२१ पासून चालत आलेली शर्यत, तिचा सगळा थरार त्या शेवटच्या मिनिटांत. आपले लोक तिथेच जिवाच्या आकांताने सुटतात, अकरा तास हळू पळून शेवटच्या किलोमीटरला स्प्रिंट. हृदयं बंद पडतात ती जास्त करून शेवटच्या टप्प्यात, हे वर आलंच आहे. साडेअकरा तासांच्या हिशेबाने तयारी करा, म्हणजे बंदुकीशी गाठच पडणार नाही. तेवढी तयारी झाली नाही तर एक वर्ष थांबा.

रिपोर्ट झाले की भेटायला या, आणि येताना वहिनींना घेऊन या. त्यांना गप्प करायला नव्हे. मी रनरला विचारतो, "याआधी कधी छातीत जड, जबडा आखडणं, कधी नव्हे ते दमणं?" रनर म्हणतो, "छे, कधीच नाही." मग शेजारची बाई त्याच्याकडे न बघता म्हणते, "दिवाळीच्या आधी यवतेश्वरचा घाट पळून आलात तेव्हा अर्धा तास सोफ्यावर हात छातीवर ठेवून बसला होतात की."